संगणकाची खतावणी : कोणती नोंद खोडावी, कोणती राखावी

बारामतीच्या बाजारपेठेतील कापड दुकान असो, भिगवणच्या मासळी बाजारातील आडत असो की इंदापुरातील लग्नपत्रिकांचा छापखाना असो, हिशेब, बिले व जीएसटीची विवरणपत्रे आता संगणकावरच होतात. संगणक मंद झाला की कोणीतरी सल्ला देतो, 'रजिस्ट्री साफ करा.' तशी फुकट सॉफ्टवेअरे मिळतात. ती घटकाभरात शेकडो 'चुका' दाखवतात आणि एका बटणाने सर्व पुसा म्हणतात. ते बटण दाबण्यापूर्वी आमच्या व्यापारी व कारागीर बांधवांनी पुढील गोष्टी ध्यानात घ्याव्यात.

रजिस्ट्री म्हणजे विंडोजची खतावणी. १९९५ साली विंडोज ९५ आले तेव्हापासून संगणकाचा मुख्य कारभार तिच्यावर चालतो. प्रत्येक प्रोग्रॅम, प्रिंटर, फॉन्ट व वापरणारा माणूस यांचे तिच्यात खाते असते. प्रोग्रॅम काढून टाकला तरी त्याच्या काही नोंदी मागे राहतात. परंतु संगणक काही दरवेळी ही वही पहिल्या पानापासून वाचत नाही. लागेल ते पान उघडतो. म्हणून चार-पाचशे जुन्या नोंदी काढल्या तरी वेगात फरक जाणवत नाही. लाभ नगण्य, आणि चुकीची नोंद गेली तर दुकानाचे काम बंद, असा हा सौदा आहे.

सफाईचे सॉफ्टवेअर चुकते कसे, तेही पाहावे. नोंदीत लिहिलेली फाइल जागेवर सापडली नाही की ते तिला निकामी ठरवते. पण ती फाइल पेन ड्राइव्हवर किंवा गल्ल्यावरच्या दुसऱ्या, त्या वेळी बंद असलेल्या संगणकावर असू शकते. काही नोंदी मुद्दाम रिकाम्या ठेवलेल्या असतात. मायक्रोसॉफ्टनेही पूर्वी 'रेगक्लीन' नावाचे साधन दिले होते, ते पुढे मागे घेतले. आज ही कंपनी अशा सफाईला पाठिंबा देत नाही.

मग कोणती नोंद काढता येते? तीन प्रश्न विचारावेत. ही नोंद कोणत्या प्रोग्रॅमची, हे नावानिशी ठाऊक आहे काय? तो प्रोग्रॅम आपण रीतसर काढला आहे काय? त्याच कंपनीचे दुसरे काही या संगणकावर चालू नाही ना? तिन्ही उत्तरे समाधानकारक असतील तरच 'सॉफ्टवेअर' विभागातील त्या प्रोग्रॅमचे पान काढावे. 'रन' या पानावर संगणक सुरू होताच चालणाऱ्या प्रोग्रॅमची यादी असते. त्यातील काढून टाकलेल्या प्रोग्रॅमची ओळ गेली तरी चालते. 'अनइन्स्टॉल' पानावर उरलेले नुसते नावही तसेच. अलीकडे उघडलेल्या फाइलींच्या याद्या पुसल्या तर केवळ यादी जाते, फाइल जात नाही.

ज्यांना हात लावू नये त्या नोंदी अशा : 'सिस्टिम' विभाग, कारण ड्रायव्हर व सेवा तेथे असतात, 'सॅम' व 'सिक्युरिटी', 'क्लासेस' विभाग व महिरपी कंसातील लांबलचक क्रमांक, तसेच 'फॉन्ट्स'चे पान. छापखान्याचे मराठी फॉन्ट, डोंगल, बारकोड प्रिंटर, डिजिटल सहीचे टोकन यांची कामे अशाच नोंदींवर अवलंबून असतात. परवान्याच्या नोंदी गेल्या तर सॉफ्टवेअर पुन्हा परवाना मागू शकते. ज्या खात्याचा धनी माहीत नाही ते खाते खोडू नये, हा पेढीचा नियम येथेही लागू आहे.

नोंद काढण्यापूर्वी तीन कामे करावीत. पहिले, हिशेबाचा बॅकअप पेन ड्राइव्हवर घेऊन तो संगणकापासून वेगळा ठेवावा. दुसरे, 'सिस्टिम रिस्टोअर' चालू आहे का ते पाहून रिस्टोअर पॉइंट तयार करावा. पुष्कळ संगणकांत ही सोय बंद असते. तिसरे, रजिस्ट्री एडिटरच्या 'फाइल' मेनूतील 'एक्स्पोर्ट'ने त्या पानाची प्रत ठेवावी. चूक झाल्यास त्या प्रतीवर दोनदा क्लिक केले की काढलेल्या नोंदी परत येतात. मात्र विंडोजच सुरू होत नसेल तर ही प्रत पुरत नाही. रिस्टोअर पॉइंटच लागतो. एका वेळी एकच नोंद काढावी, संगणक बंद करून पुन्हा सुरू करावा आणि बिल छापून पाहावे.

मंदपणाचे खरे कारण बहुधा दुसरीकडेच असते. टास्क मॅनेजरच्या 'स्टार्टअप' यादीतील अनावश्यक प्रोग्रॅम बंद करावेत, भरलेली डिस्क मोकळी करावी, व्हायरस तपासावा. जुन्या हार्ड डिस्कऐवजी एसएसडी बसवली तर फरक लगेच दिसतो. विंडोज १० चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे. ज्यांचा संगणक अजून त्यावर चालतो त्यांनी सफाईपेक्षा त्याची काळजी आधी करावी. संगणक दुरुस्तीला देताना बॅकअप आपल्याजवळ ठेवावा आणि कोणत्या नोंदी काढल्या हे दुरुस्तीवाल्याकडून लिहून घ्यावे.