शेत हिरवं, तरी कालवा फुटला

तिशीतला एखादा तरुण रक्ताची उलटी होऊन मिरजेच्या दवाखान्यात येतो. जतहून, अथणीहून, सांगोल्याहून. पोट तपासलं तर पानथरी पार बेंबीपर्यंत आलेली. एंडोस्कोपीत अन्ननलिकेतल्या शिरा टम्म फुगलेल्या. मग नातेवाइकांना ठरलेला प्रश्न येतो : ‘पितो का?’ आई शपथेवर सांगते, थेंबाला शिवत नाही. तिच्यावर कुणाचा विश्वास बसत नाही, कारण मोठी पानथरी आणि फुगलेल्या शिरा म्हणजे सिऱ्होसिस, आणि सिऱ्होसिस म्हणजे दारू, हे समीकरण आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. खरं तर सिऱ्होसिस दारूशिवायही होतो. आणि काही रुग्णांना सिऱ्होसिसच नसतो, वेगळाच आजार असतो.

म्हैसाळ उपसा सिंचन योजनेच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हा आजार चटकन कळेल. यकृत म्हणजे शेत. आतडी आणि पानथरीकडून येणारी पोर्टल शीर हा मुख्य कालवा. यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे पाऊण भाग तीच आणते. सिऱ्होसिसमध्ये जमीनच घट्ट होते, पाणी मुरत नाही. पण कधी जमीन चांगली असते आणि शेवटच्या बारीक चाऱ्या तेवढ्या गाळानं बुजतात. पाणी मागे तुंबतं आणि कालवा कच्च्या जागी फुटतो. ती कच्ची जागा म्हणजे अन्ननलिकेतल्या शिरा. शेत मात्र बऱ्यापैकी हिरवं राहतं : कावीळ नाही, प्रथिनं ठीक, यकृताच्या रक्तचाचण्या जवळपास नेहमीसारख्या.

मिशनरी डॉक्टर वॉन्लेस यांनी १८९४ साली मिरजेत रुग्णालय सुरू केलं. त्याच वर्षी इटलीत ग्विदो बांती यांनी वाढलेली पानथरी आणि बिघडलेलं यकृत यांची सांगड घालणारा निबंध लिहिला. त्यांचा संशय पानथरीवर होता आणि पुढे कित्येक वर्षं जगभर अशा पानथऱ्या काढल्या गेल्या. बुजलेल्या चाऱ्यांकडे नीट बोट दाखवणाऱ्यांत दोन भारतीय होते. दिल्लीच्या ‘एम्स’मधले एन. सी. नायक आणि व्ही. रामलिंगस्वामी या विकृतिशास्त्रज्ञांनी १९६९ साली यकृतातल्या बारीक पोर्टल शिरा कशा जाड होतात, आक्रसतात आणि नाहीशा होतात, हे मांडलं. त्यांनी या बदलाला दिलेलं नाव ‘ऑब्लिटरेटिव्ह पोर्टल व्हिनोपॅथी’. त्याच वर्षी भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं या आजाराला ‘नॉन-सिऱ्होटिक पोर्टल फायब्रोसिस’ म्हटलं. पन्नास वर्षांनी, २०१९ मध्ये, युरोपातल्या तज्ज्ञांनी ‘पोर्टो-सायनुसॉइडल व्हॅस्क्युलर डिसीज’ हे नवं, अधिक व्यापक नाव सुचवलं. त्याच्या निकषांत नायक-रामलिंगस्वामींचा शब्द आजही आहे. त्यांची नावं आपल्याकडच्या किती विद्यार्थ्यांना माहीत असतील? मला याचं मनापासून वाईट वाटतं.

या चाऱ्या सोनोग्राफीत दिसत नाहीत, इतक्या त्या बारीक. म्हणून यकृताचा तुकडा काढावा लागतो (बायोप्सी). पॉल एर्लिख यांनी १८८३ मध्ये यकृतात पहिल्यांदा सुई घातली ती साखरेचा साठा अभ्यासायला. १९५८ मध्ये मेंघिनी यांच्या सुईनं ते काम जेमतेम सेकंदावर आणलं. पण मोठी पानथरी प्लेटलेट अडकवून ठेवते, त्यामुळे बरगड्यांमधून सुई घातली तर रक्तस्राव होण्याची भीती असते. अशा वेळी गळ्यातल्या शिरेतून बारीक नळी यकृताच्या शिरेपर्यंत नेऊन आतूनच तुकडा घेतात. रक्त आलंच तर शिरेतच परत जातं. जाता जाता यकृताच्या शिरेतून दाबही मोजता येतो. सिऱ्होसिसमध्ये तो चांगलाच चढलेला असतो. इथे अडथळा दाब मोजण्याच्या जागेच्या बराच आधी, पोर्टल शिरांत असल्यानं तो सहसा नेहमीइतका किंवा थोडासाच वाढलेला निघतो.

हाती येतो तो यकृताचा साधारण पन्नासहजारावा भाग. त्यातून सिऱ्होसिस ‘नाही’ असं छातीठोक सांगायला तुकडा दोन सेंटिमीटरहून लांब हवा, असं २०१९ चे निकष म्हणतात. तुकडा पुरेसा असला तरी तो वाचणारा डोळा लागतो. या आजारात यकृताच्या पेशींच्या बारीक गाठी होऊ शकतात. त्या साध्या रंगात निसटतात आणि चांदीच्या क्षारांनी रेटिक्युलिनचे धागे काळे केले की उठून दिसतात. हे सगळं करणारा पॅथॉलॉजिस्ट रुग्णाला कधी भेटतही नाही. घाईत ‘जवळपास नॉर्मल’ असा शेरा लिहिला गेला, तर निदान तिथेच हुकतं.

‘सुई नको, पाच मिनिटांत यकृताची तपासणी’ अशा जाहिराती आता गावोगावी दिसतात. फायब्रोस्कॅन उपयोगी यंत्र आहे, पण ते यकृताचा ताठरपणा मोजतं, शिरा नाही. आकडा दहा किलोपास्कलच्या खाली आला म्हणून सुटकेचा श्वास टाकावा, असं इथे नाही. फुगलेल्या शिरा आणि मऊ यकृत एकत्र दिसलं की खरी शंका तिथूनच सुरू व्हायला हवी.

अर्थात सुई सगळीकडे लागत नाही. यकृतातून रक्त बाहेर नेणाऱ्या मोठ्या शिरा बंद पडतात त्या बड-कियारी आजाराचं निदान बहुतेकदा कलर डॉपलरवर होतं. मुंबईचे डॉ. दीपक अमरापूरकर आणि सहकाऱ्यांनी २००८ मध्ये भारतातल्या या आजाराच्या बदलत्या रूपावर आणि शस्त्रक्रियेविना उपचारांवर शोधनिबंध लिहिला होता. ऑगस्ट २०१७ च्या पावसात मुंबईच्या उघड्या मॅनहोलनं नेले ते हेच डॉक्टर.

चाऱ्या बुजतात कशानं? लहानपणीचे जंतुसंसर्ग, रक्त गोठण्याची आनुवंशिक प्रवृत्ती, काही औषधं. चंडीगडच्या डॉक्टरांनी १९७०च्या दशकात काही रुग्णांत दीर्घकाळ पोटात गेलेल्या सोमलाचा संबंध दाखवला. बऱ्याच जणांत कारण सापडतच नाही. पण निदान झालं की उपचाराची दिशा बदलते. यकृत काम करतंय, तेव्हा फुगलेल्या शिरांना एंडोस्कोपीतून बँड लावून आणि दाब उतरवणाऱ्या गोळ्या देऊन असे रुग्ण वर्षानुवर्षं चांगलं जगतात. प्रत्यारोपणाची गरज क्वचितच पडते.

तेव्हा बायोप्सीचा अहवाल हाती आला की त्यात तीन गोष्टी शोधा : तुकडा किती मिलिमीटरचा होता, रेटिक्युलिनचा रंग केला का, आणि पोर्टल शिरांबद्दल एक तरी ओळ लिहिली आहे का. नसेल तर डॉक्टरांना विचारा. तुकड्याची तीच काच (स्लाइड) दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टला दाखवता येते, त्यासाठी पुन्हा सुई लागत नाही.