घराजवळची गांधीलमाशी : काढावी केव्हा, ठेवावी केव्हा



या पानावर नेहमी लागणीचे अंतर, खताचे हप्ते, खोडवा असे विषय असतात. या खेपेस विषय जरा निराळा आहे. गट कार्यालयात आलेला सभासद हमखास विचारतो, "साहेब, मोटारीच्या पेटीत गांधीलमाश्यांनी पोळं केलंय, काय मारू?" आणि आम्हीही घाईघाईत काहीतरी सांगून मोकळे होतो. अशा घाईच्या सल्ल्याने काय होते ते मी माझ्याच नात्यात पाहिले, म्हणून हा लेखनप्रपंच.

माझी थोरली बहीण भिवंडीजवळ राहनाळला असते. तिकडे ऊस नाही. गोदामे, यंत्रमाग आणि त्यांच्या मधे पत्र्याच्या छपराची घरे. २०२३ च्या ऑक्टोबरात तिचा फोन आला, "अरे, पत्र्याखाली ताटलीएवढं पोळं झालंय. तू शेतीखात्यातला माणूस, काय करू सांग." मी ऊस नोंदीच्या गडबडीत होतो. "दाजींना सांग, जाळून टाका," एवढे बोलून फोन ठेवला.

दाजींनी भर दुपारी बांबूला डिझेलचा बोळा बांधून पेटवला. माश्या उठल्या. डोक्याला, मानेला सात-आठ डंख बसले. हातातला बांबू टाकून ते पळाले आणि पेटता बोळा पडला तो सुताच्या कचऱ्यावर. शेजारच्या पोरांनी बादल्या ओतल्या म्हणून निभावले. दहा मिनिटांत दाजींच्या अंगभर गांधी उठल्या, ओठ सुजले, श्वास लागेना. रिक्षात घालून दवाखान्यात नेले, इंजेक्शन वेळेवर मिळाले आणि माणूस वाचला. भेटायला गेलो तेव्हा आक्का एवढेच म्हणाली, "तुझ्या शब्दावर गेले होते रे ते." त्यानंतर या विषयाचा नीट अभ्यास केला. तो आपल्यापुढे ठेवतो.

आधी माशी ओळखा

घराभोवती तीन प्रकारच्या माश्या दिसतात. आपण तिन्हींना एकाच काठीने हाणतो, हे बरोबर नाही.

१) गांधीलमाशी : अंग लांबट, कंबर बारीक, रंग तांबूस किंवा पिवळे पट्टे. लाकडाचे तंतू चावून, लाळेत कालवून ती कागदासारखे पोळे करते. पोळे बारीक देठाला टांगलेले असते. त्यात मध नसतो, अंडी-अळ्या असतात.

२) कुंभारीण : ही एकटी राहते आणि भिंतीला, कपाटामागे मातीचे घरटे करते. मुद्दाम पकडल्याशिवाय सहसा चावत नाही. कोणी कोळी पकडून आणते, कोणी अळ्या. डंख मारून लुळे केलेले भक्ष्य घरट्यात भरते, त्यावर अंडे घालते आणि तोंड लिंपून टाकते. आपल्या कीर्तनातला कीटक-भृंग न्याय यावरूनच आला. भृंगाचा ध्यास घेऊन अळीच भृंग होते, असे जुन्या लोकांना वाटे. प्रत्यक्षात अंड्यातून निघालेले पिल्लू ती अळी खाऊन मोठे होते.

३) आग्या मोहोळ : या मधमाश्या. उंच झाडाला, इमारतीच्या सज्जाला एकच मोठे पोळे लोंबते. याला घरच्या माणसाने कधीही हात लावू नये.

मधमाशीच्या काट्याला आकडे असतात, म्हणून तो अंगात अडकतो आणि माशी मरते. गांधीलमाशीचा काटा गुळगुळीत असतो, म्हणून एकच माशी पुन्हा पुन्हा डंख मारते. डंख फक्त माद्याच मारतात. पोळे हलले किंवा माशी चेंगरली तर इतर माश्यांना इशारा देणारा वास सुटतो आणि सगळ्या उठतात.

ती आपली वैरीण आहे का?

घरात वैरीण, शेतात मैत्रीण म्हणा. गांधीलमाशी स्वतः गोड रस पिते, म्हणून तर ती गुऱ्हाळावर आणि रसवंतीवर घिरट्या घालते. पण पिल्लांना ती पिकावरच्या अळ्या चावून भरवते. आपण उसात ट्रायकोकार्ड लावतो. त्यातला ट्रायकोग्रामा खोडकिडीच्या अंड्यात स्वतःचे अंडे घालतो. तो टाचणीच्या डोक्याहून बारीक कीटक याच गणातला. २००२ साली महाराष्ट्रात उसावर लोकरी मावा आला. त्याला पुढे ज्या मित्रकीटकांनी आवर घातला, त्यांत डिफा आणि मायक्रोमस यांच्याबरोबर एन्कार्सिया ही बारीक माशीही होती. तीही याच गणातली. तेव्हा बांधावरच्या झाडावर, माणसाच्या वाटेपासून दूर असलेले पोळे खुशाल राहू द्यावे.

काढायचे कोणते?

दारावर, खिडकीत, जिन्यात, संडासात, गोठ्यात, शाळेच्या वाटेवर, स्टार्टरच्या पेटीत किंवा ट्रॉलीखाली असलेले पोळे काढावे. घरात पूर्वी डंखाने अंग सुजलेला माणूस असेल तर अंगणातलेही काढावे.

सर्वांत सोपा उपाय म्हणजे लवकर पाहणे. दर पंधरा दिवसांनी वळचण, पत्र्याखालचे नळ, मीटरची पेटी पाहावी. पोळे रुपयाएवढे आणि त्यावर एक-दोन माश्या असतील, तर संध्याकाळी लांब काठीने पाडून देठाची जागा खरवडावी. माश्या पुन्हा तिथेच घिरट्या घालतात, म्हणून आठवडाभर लक्ष ठेवावे. नुसती राणी मारून भागत नाही. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत राघवेंद्र गदगकर यांनी आपल्याकडच्या गांधीलमाशीचा अनेक दशके अभ्यास केला. राणी काढली की त्याच पोळ्यातली दुसरी माशी तिची जागा घेते, असे त्यांना दिसले.

काढण्याची रीत

१) पोळे तळहाताएवढे आणि हात पुरेल अशा उंचीवर असेल तरच घरी काढावे. त्याहून मोठे, भिंतीच्या पोकळीतले किंवा उंचावरचे असेल तर कीटकनियंत्रण करणाऱ्या जाणत्या माणसाला बोलवावे.

२) वेळ अंधार पडल्यावरची. तेव्हा माश्या पोळ्यावर असतात आणि फारशा उडत नाहीत. पांढऱ्या बॅटरीच्या उजेडाकडे मात्र त्या येतात, म्हणून काचेला लाल कागद लावावा.

३) अंगभर जाड कपडे, हातमोजे, तोंडाला जाळी. मुले व जनावरे आधी दूर न्यावीत.

४) फवारणी पंपात धुण्याच्या साबणाचे दाट पाणी घेऊन लांबून पोळे चिंब भिजवावे. साबणाने माशीची श्वासाची छिद्रे बंद होतात. हा पंप तणनाशकाचा नसावा.

५) पोळ्याच्या बरोबर खाली उभे राहू नये. शिडीवर चढू नये. पळायची वाट मोकळी ठेवावी.

६) स्टार्टरच्या पेटीत पाणी मारू नये. तिथे वायरमन बोलवून वीज बंद करूनच काम करावे.

काय करू नये?

जाळू नये. का, ते वर सांगितले आहे. भिंतीच्या भोकात माश्या ये-जा करत असतील तर ते भोक बुजवू नये. त्या घरात वाट काढतात. शेतीची औषधे घरात मारू नयेत. नुवान म्हणजे डायक्लोरव्हॉस आणि थायमेट म्हणजे फोरेट, या दोन्हींवर २०२० च्या अखेरपासून देशात बंदी आहे. जुनी बाटली कोठीत असली तरी ती वापरायची नाही.

कुंभारणीचे घरटे भोक पाडून पिल्लू निघून गेल्यावर खरवडावे. पाइपांची तोंडे मात्र झाकून ठेवावीत. १९९६ साली डॉमिनिकन रिपब्लिकजवळ विमान पडून १८९ माणसे गेली. वेग मोजणारी नळी बंद होती आणि ती अशाच माशीच्या मातीने बुजली असावी, असा तपासाचा संशय होता. आपली ठिबकची नळी तर त्याहून सहज बुजते.

डंख झाल्यास

आधी तिथून दूर जावे, हात हलवीत उभे राहू नये. बोटातली अंगठी लगेच काढावी. जागा साबणाने धुवावी, बर्फ किंवा गार फडके ठेवावे. चुना, लोखंड घासणे यावर वेळ घालवू नये.

अंगभर गांधी, ओठ-जीभ सुजणे, घरघर, चक्कर, उलटी यांतले काहीही दिसले तर घरगुती उपचार बंद. १०८ ला फोन करावा किंवा मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठावा. तिथे अ‍ॅड्रेनालिनचे इंजेक्शन देतात, आणि त्यात मिनिटांचा हिशेब असतो. खूप डंख बसले असतील तर बरे वाटले तरी दाखवून यावे. एक-दोन दिवसांनी लघवी कमी किंवा काळपट झाली तर मूत्रपिंडाला इजा झालेली असू शकते. एकदा अंगभर त्रास झालेल्याला पुढच्या वेळी जास्त त्रास होऊ शकतो, हे घरच्यांनी ध्यानात ठेवावे.

२०२४ च्या पावसाळ्यानंतर आक्काला खिडकीत रुपयाएवढे पोळे दिसले. तिने संध्याकाळी लांब झाडूने ते पाडले आणि मग मला फोन केला. दाजी त्या वेळी शेजारी जाऊन बसले होते. आता गट कार्यालयात कोणी औषध विचारले की मी आधी तीन गोष्टी विचारतो : पोळे कुठे आहे, केवढे आहे आणि घरात पूर्वी कुणाला त्रास झाला आहे का? सभासदांनी येताना ही माहिती घेऊन यावे, ही विनंती.

आपला,
ऊस विकास अधिकारी