वेशीबाहेरच्यांचे सोल

दक्षिण कोरियाची राजधानी सोल हे 90 लाखांहून अधिक लोकवस्तीचे महानगर आहे. उद्या आपल्या शाळेचा एखादा माजी विद्यार्थी शिक्षणासाठी वा नोकरीनिमित्त या नगरीत प्रथमच उतरला, तर काचेचे मनोरे, झगमगत्या बाजारपेठा आणि वेळेवर धावणारी भुयारी रेल्वे पाहून तो दिपून जाईल. ते स्वाभाविकच आहे. परंतु शहर समजून घ्यायचे तर तेथे पूर्वी कोणाला प्रवेश होता, कोणाला नव्हता आणि ज्यांना नव्हता त्यांनी तो कसा मिळवला, हे विचारावे लागते. सोलच्या जुन्या भागातील एका दिवसाच्या पायी फेरीत या प्रश्नाचे बरेचसे उत्तर मिळते.

फेरीचा आरंभ तटबंदीपासून करावा. जोसॉन राजवंशाने 1394 मध्ये येथे राजधानी आणली आणि लवकरच सुमारे 18 किलोमीटर लांबीचा तट उभारला. त्याचा बराच भाग आजही टिकून असून त्यावरून चालता येते. दक्षिणेचा सुंगन्येमुन दरवाजा 2008 साली आगीत जळाला. तो दुरुस्त होऊन 2013 मध्ये पुन्हा खुला झाला. या राजवटीने कन्फ्यूशियसचा आचारधर्म राज्याचा पाया मानला आणि बौद्ध संघाला सत्तेपासून व समाजापासून दूर लोटले. भिक्खूंना राजधानीच्या वेशीतून आत येण्यास बंदी होती. ती 1895 साली उठली. आज तटाच्या आत, जोंग्नो भागात, जोग्येसा हे कोरियातील सर्वांत मोठ्या बौद्ध पंथाचे मुख्य विहार उभे आहे. बुद्धजयंतीच्या सुमारास याच रस्त्यांवरून हजारो कंदिलांची मिरवणूक निघते. त्या उत्सवाला 2020 मध्ये युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. ज्या वेशीतून भिक्खूला प्रवेश नव्हता, त्याच वेशीच्या आतला हा प्रकाश आहे, हे ध्यानात ठेवून तो पाहावा.

जवळच ग्वांगह्वामुन चौकात राजा सेजोंगचा भव्य पुतळा आहे. त्याने 1446 मध्ये हंगुल ही लिपी जाहीर केली. तोवर लेखन चिनी चित्राक्षरांत चाले आणि ती शिकण्याइतकी सवड केवळ उच्चकुलीनांना असे. सामान्य माणसाला थोड्या दिवसांत वाचता यावे म्हणून 28 अक्षरांची ही लिपी सिद्ध झाली. दरबारातील विद्वानांनी तिला लेखी विरोध केला. पुढे शतकानुशतके वरिष्ठवर्ग तिला हलकी मानत राहिला. स्त्रिया आणि सामान्यजन यांनी मात्र ती जपली. आज शहरातील बहुतेक पाट्या याच लिपीत आहेत. नवागताने विमानप्रवासापूर्वी आठवडाभर रोज तासभर दिला, तर तो या पाट्या अडखळत का होईना वाचू शकेल.

चौकामागे ग्यॉंगबोकगुंग हा राजवाडा आहे. 1592 मध्ये जपानी सैन्य चालून आले आणि राजा राजधानी सोडून निघून गेला. त्या वेळी दासांच्या मालकीची दप्तरे असलेली कचेरी लोकांनी प्रथम पेटवली, अशी नोंद कोरियन राजवृत्तांतात आहे. गुलामाला आपली बेडी कोणत्या कागदात आहे, हे नेमके ठाऊक असते.

दासांच्या जोडीला समाजाच्या तळाशी ‘बेकजॉंग’ होते. जनावरे कापणे आणि कातडी कमावणे ही त्यांची जन्मसिद्ध कामे मानली जात. त्यांची वस्ती वेगळी असे, इतरांसारखा पोशाख व टोपी त्यांना वर्ज्य असे आणि दुसऱ्यांच्या लहान मुलांशीही त्यांना नम्रतेने बोलावे लागे. 1894 च्या सुधारणांनी हे भेद कायद्याने रद्द केले. त्यानंतर चारच वर्षांनी, 1898 मध्ये, जोंग्नोच्या रस्त्यावर अधिकारी व जनता यांची मोठी सभा भरली. त्या सभेत पाक सॉंग-चुन या बेकजॉंगाने भाषण केले. त्याचा मुलगा पाक सॉ-यांग 1908 मध्ये कोरियात पाश्चात्त्य वैद्यक शिकून पदवी घेणाऱ्या पहिल्या सात जणांपैकी एक ठरला. तरी समाजमन कायद्याइतके झटपट बदलले नाही. म्हणून 1923 मध्ये चिंजू येथे बेकजॉंगांच्या समतेसाठी ‘ह्यॉंगप्यॉंगसा’ ही संघटना स्थापन झाली. तराजूची दोन्ही पारडी समान असावीत, असा या नावाचा भाव आहे. पुढच्याच वर्षी मुंबईत बाबासाहेबांनी बहिष्कृत हितकारिणी सभा स्थापन केली. दोन देशांतील या चळवळी एकाच काळात एकच मागणी करीत होत्या.

जोंग्नोवरच थापगोल उद्यान आहे. येथे पूर्वी वोनगाकसा हे विहार होते. विहार नष्ट झाले. 1467 चा दहा मजली संगमरवरी स्तूप मात्र उरला असून तो आता काचेच्या आवरणात सुरक्षित आहे. 1 मार्च 1919 रोजी याच उद्यानात जपानी सत्तेविरुद्ध स्वातंत्र्याची घोषणा वाचली गेली. तिच्यावर सही करणाऱ्या 33 जणांत हान योंग-उन आणि बेक योंग-सॉंग हे दोन बौद्ध भिक्खू होते.

येथून थोड्याच अंतरावर चंगग्येचॉन ओढा लागतो. युद्धानंतर त्याच्या काठी निर्वासितांच्या झोपड्या होत्या. पुढे तो काँक्रीटने झाकून वर उड्डाणमार्ग बांधला गेला. 2003 ते 2005 या काळात हे सारे काढून सुमारे 5.8 किलोमीटरचा प्रवाह मोकळा करण्यात आला. पर्यटक पाण्याकाठी छायाचित्रे काढून परततात. आपण पूर्वेकडे चालत राहावे. तेथे प्योंगह्वा बाजाराजवळच्या पुलावर जॉन थे-इल या शिवणकामगाराचा पुतळा आहे. कोंदट, बुटक्या माळ्यांवर दिवसरात्र राबणाऱ्या कोवळ्या मुलींना खाऊ घालण्यासाठी तो आपल्या बसभाड्याचे पैसे खर्च करी आणि स्वतः घरी पायी जाई. कामगार कायदा पुस्तकात होता, कारखान्यात नव्हता. त्याचे पालन व्हावे म्हणून त्याने अर्ज केले, पाहणी केली, दारे ठोठावली. अखेर 13 नोव्हेंबर 1970 रोजी, वयाच्या अवघ्या 22 व्या वर्षी, त्याने आत्मदहन केले. असा तरुण जिवंत राहायला हवा होता, ही हळहळ मनात दाटते. त्याच्या आईने, ली सो-सन यांनी, 2011 मध्ये निधन होईपर्यंत कामगार संघटनेचे कार्य केले.

सायंकाळी भुयारी रेल्वेने हान नदी ओलांडून गांगनाम भागात जावे. तेथे 794 साली स्थापन झालेले बोंगुनसा विहार उंच इमारतींच्या समोर शांत उभे आहे. पादत्राणे बाहेर काढून आत जावे आणि हात जोडावेत. तेथील उपासकही तसेच हात जोडतो, त्यामुळे भाषेची अडचण पडत नाही. अनेक विहारांत पाहुण्यांसाठी मुक्कामाची व शाकाहारी भोजनाची सोयही असते.

आपल्या विद्यार्थ्यांनी जगभर जावे, मोठी शहरे पाहावीत. मात्र राजवाड्यासमोर जितका वेळ थांबाल, तितकाच वेळ त्या पुलावरील पुतळ्यासमोरही थांबा. शहराची उंची मनोऱ्यांवरून दिसते. त्याची माणुसकी, वेशीबाहेर ठेवलेल्यांना त्याने आत येऊ दिले की नाही, यावरून कळते.