गंजावर गंजाचाच उतारा

नवी मुंबईत लोखंड गंजायला निमित्त लागत नाही. एकीकडे ठाण्याची खाडी, दुसरीकडे पनवेलची, वर चार महिने पाऊस. अशा हवेत माळ्यावर पोत्यात गुंडाळलेली आजोबांच्या वेळची दुनळी सापडली, की कुणाचा तरी हात पॉलिश पेपरकडे जातो. बंदुकीची खरी नासाडी तिथे सुरू होते.

खरं तर पहिला हात कागदाला लागायला हवा. १९५९च्या शस्त्र अधिनियमानुसार बंदूक बाळगायलाच नव्हे, दुरुस्तीचा धंदा करायलाही परवाना लागतो. वारसाकडे तो नसेल तर बंदूक पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करायची. गंज थांबू शकतो, कायदा थांबत नाही.

कारागीर आधी नळ्या सोडवतो, दोरीला टांगतो आणि टिचकी मारतो. घंटेसारखा नाद घुमला तर ठीक. फुटक्या मडक्यासारखा बद्द आवाज आला, तर दोन नळ्यांमधल्या पट्टीचा डाख सुटलाय. मग नळीत उजेड पाडून खड्डे बघायचे. बारा बोअरच्या नळीचा आतला व्यास साधारण १८.५ मिलिमीटर. खड्डे घासून काढावेत तर पत्रा पातळ होतो, आणि बार उडतो तो त्याच पत्र्याच्या भरवशावर. लोखंड-पोलादाच्या पट्ट्या पिळून केलेली नक्षीदार ‘दमास्कस’ नळी असेल, तर तिच्यात आजचं काडतूस घालूच नये. ती काळ्या दारूच्या जमान्यातली, भिंतीवर शोभते.

काळा-निळा रंग चढवणं ही या कामातली खरी गंमत. कारखान्यात उकळत्या क्षारांच्या हौदात तो झटपट चढतो, पण ते क्षार दुनळीचा डाखच खातात. म्हणून जुनी, रेंगाळणारी रीत. नळीवरचा तेलकटपणा पूर्ण काढायचा, तोंडं लाकडी बुचांनी बंद करायची, सौम्य आम्ल पुसायचं आणि ओलसर जागी तिला मुद्दाम गंजू द्यायचं. तांबूस लव आली की स्वच्छ पाण्यात उकळायची. तांबडा गंज डोळ्यांदेखत काळा होतो. बारीक तारेच्या लोकरीने सुटी पूड झाडायची आणि पुन्हा पहिल्यापासून. सहा-आठ वेळा तरी. ज्याने खाल्लं, त्याचंच कवच.

अक्रोडाच्या दस्त्याला अळशीचं तेल, तेही तळहाताने, पातळ, दिवसाआड.

आणि बंदूक घरी आली की चामड्याच्या देखण्या पेटीत बंद करून विसरायची नाही. पावसाळ्यात ती पेटी ओल धरते.