सातमाश्या बालकाचे रक्षण

भोर आणि वेल्हे हा पुणे जिल्ह्यातील सह्याद्रीच्या कुशीतला प्रदेश. राजगड-तोरण्याच्या परिसरातील दुर्गम वाड्यांत आषाढ-श्रावणात ओढे फुगले म्हणजे दवाखाना गाठणे कठीण होते. अशा वेळी दिवस भरण्यापूर्वीच एखादी स्त्री प्रसूत झाली, तर त्या इवल्या जीवाचे रक्षण प्रथम घरच्या माणसांनाच करावे लागते. ते त्यांना साधेल काय? या प्रश्नाचे उत्तर महाराष्ट्राच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीच्या अरण्यप्रदेशात शोधण्यात आले.

गर्भवास साधारणतः चाळीस आठवड्यांचा असतो. सदतीस आठवडे पूर्ण होण्यापूर्वी जन्मते ते अपुऱ्या दिवसांचे मूल. अडीच किलोहून कमी भरते ते कमी वजनाचे मूल. ही दोन्ही एकच नव्हेत. मातेचे पोषण अपुरे असल्यास पूर्ण दिवसांचे मूलही हलके भरते. सातमाशी मूल जगते, आठमाशी जगत नाही, असा एक समज आपल्याकडे रूढ आहे. त्याला शास्त्राचा आधार नाही. अशा मुलाला उदरात मिळालेला प्रत्येक अधिक आठवडा त्याचे बळ वाढवितो.

हे मूल नाजूक का असते? त्याच्या त्वचेखाली चरबीचा पुरेसा थर नसतो, आणि वजनाच्या मानाने अंगाचा पृष्ठभाग मोठा असतो. म्हणून ते लवकर गारठते. चोखणे, गिळणे आणि श्वास घेणे यांचा मेळ त्याला सुमारे चौतिसाव्या आठवड्यापर्यंत नीट साधत नाही. फुप्फुसे पुरती तयार नसतात, आणि जंतूंशी झुंजण्याची शक्तीही अल्प असते. गारठा, उपासमार आणि जंतुदोष हे त्याचे तीन वैरी. यांतील एक आला की तो दुसऱ्यांना वाट करून देतो.

डॉ. अभय बंग आणि डॉ. राणी बंग यांनी १९८६ साली गडचिरोली जिल्ह्यात ‘सर्च’ ही संस्था स्थापिली. तिने ३९ खेड्यांतील स्त्रियांना नवजात बालकाच्या शुश्रूषेचे शिक्षण दिले. या आरोग्यदूत स्त्रिया घरोघरी जात, मूल तोलीत, आईला अंगावर पाजण्यास साहाय्य करीत, मुलाला उबदार पिशवीत ठेवीत, गुदमरलेल्या बालकाचा श्वास सुरू करीत आणि जंतुदोषाची लक्षणे दिसताच औषध देत. त्या खेड्यांत पहिल्या महिन्यातील बालमृत्यूंचे प्रमाण दर हजारी ६२ वरून २५ च्या आसपास उतरले. हे निष्कर्ष १९९९ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. २००५ साली प्रसिद्ध झालेले आकडे तर अधिकच बोलके आहेत. अपुऱ्या दिवसांच्या मुलांपैकी पूर्वी शेकडा ३३ दगावत. शुश्रूषा सुरू झाल्यावर हे प्रमाण शेकडा १० वर आले. म्हणजे पूर्वी तिघांतील एक जाई, तेथे आता दहांतील एक जाऊ लागले.

ऊब देण्याचा सर्वांत सोपा मार्ग मातेच्या छातीशी आहे. कोलंबियातील बोगोटा शहरी काचेच्या पेट्या अपुऱ्या पडत, तेव्हा १९७८ च्या सुमारास डॉ. एडगर रे यांनी बालकाला आईच्या उघड्या छातीशी, त्वचेला त्वचा लावून ठेवण्याची रीत सुरू केली. आई थकल्यास आजी किंवा वडीलही हे काम करू शकतात. आपल्याकडील काही चाली मात्र सोडावयास हव्यात. पहिल्या दिवशी मुलाला न्हाऊ घालू नये. पहिला पिवळसर चीक टाकून देऊन मध किंवा गूळपाणी चाटवू नये, कारण त्या चिकातच रोगप्रतिकारक द्रव्ये असतात. मूल ओढू शकत नसेल तर आईचे दूध काढून वाटी-चमच्याने पाजावे. कोंदट खोलीत शेगडीचा धूर करू नये.

याचा अर्थ रुग्णालय नको असा नव्हे. मुलाने दूध सोडले, अंग थंड वा तापलेले लागले, श्वास जलद चालू लागला अथवा छाती आत ओढली जाऊ लागली, तर विलंब न लावता त्याला छातीशी धरूनच दवाखान्यात न्यावे.

गडचिरोलीची ही पद्धती २०११ साली देशभर स्वीकारली गेली. रुग्णालयात प्रसूती झाली असली, तरी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी ‘आशा’ कार्यकर्तीने घरी येऊन बाळ तपासावे, असा क्रम त्यात आहे. मूळ कारणाकडेही लक्ष हवे. पुण्याजवळील सहा खेड्यांत झालेल्या अभ्यासात नवजात बालकांचे सरासरी वजन सुमारे २.७ किलो भरले. गरोदरपणी पालेभाज्या व फळे वारंवार खाणाऱ्या मातांची मुले अधिक वाढलेली आढळली, असे २००१ साली प्रसिद्ध झाले.

पाचवीच्या रात्री सटवाई बालकाच्या कपाळी भविष्य लिहून जाते, अशी श्रद्धा आहे. भोर-वेल्ह्याच्या वाडीत जन्मलेल्या हलक्या बालकाचे भविष्य मात्र पुष्कळसे त्या पाचवीपूर्वीच ठरते, आणि ते आईची ऊब, आईचे दूध व शेजारच्या शिकविलेल्या स्त्रीचे सावध डोळे ठरवितात. शहरातील सुशिक्षित कुटुंबांचे आप्त, ओळखीचे आणि घरकामास येणाऱ्या स्त्रियांची माहेरे अशाच गावांत असतात. त्यांच्यापर्यंत इतकी माहिती पोहोचविणे कोणासही अवघड नाही.