सेक्टर १६ पासून सुरुवात: चंडीगडमध्ये दृष्टिबाधितांसाठी आर्थिक मदत

चंडीगडमधली बरीच मराठी घरे बदलीच्या नोकरीमुळे तिथे गेलेली असतात. कुणी सेक्टर ३० मधल्या सीएसआयओ या केंद्रीय प्रयोगशाळेत, कुणी हवाई दलात, कुणी बँकेत. अशा घरात कुणाला अजिबात दिसत नसेल किंवा फार कमी दिसत असेल, तर पैशाची मदत गावाकडे मागायची की इथे, हेच आधी कळत नाही. एक फरक लक्षात ठेवला की पुढचे सगळे सोपे जाते. केंद्र सरकारची मदत आपण जिथे जाल तिथे मिळते. राज्याची मदत आपल्या पत्त्याशी बांधलेली असते. कागद मात्र दोन्हीकडे पहिला एकच लागतो, दिव्यांग प्रमाणपत्र. ते हातात येईपर्यंत पेन्शनच्या खिडकीवर जाऊ नये, हेलपाटाच पडतो.

अर्ज केंद्राच्या ‘स्वावलंबन’ या संकेतस्थळावर करायचा. तिथूनच यूडीआयडी कार्ड, म्हणजे देशभर चालणारे दिव्यांग ओळखपत्र मिळते. चंडीगडच्या रहिवाशांची तपासणी सहसा सेक्टर १६ च्या सरकारी रुग्णालयात होते. जिथे उपचार चालू आहेत त्या सरकारी रुग्णालयाकडेही अर्ज करता येतो, अशी नियमात सोय आहे. नाशिकचे किंवा नागपूरचे प्रमाणपत्र आधीच असेल तर नवे काढायची गरज नाही. ते सगळ्या देशात ग्राह्य आहे. फक्त कार्डावरचा पत्ता बदलून घ्यावा.

आता तपासणीचे नीट समजून घेऊ, कारण सगळ्या मदतीचा पाया तिथे घातला जातो. मोजमाप चांगल्या डोळ्याचे होते, तेही चष्मा लावून. निरोगी डोळ्याला जे ६० मीटरवरून दिसते ते ३ मीटरवर येऊनही दिसत नसेल, तर कायद्याने ते अंधत्व. यालाच ३/६० पेक्षा कमी दृष्टी म्हणतात. त्याच्या वर, ६/१८ पर्यंतची दृष्टी ही अल्पदृष्टी. बहुतेक योजनांना किमान ४० टक्के दिव्यांगत्व लागते. एक डोळा पूर्ण गेला आणि दुसरा चांगला असेल तर ३० टक्केच धरतात. अशा माणसाला मोठ्या योजना मिळत नाहीत, हे आधीच माहीत असलेले बरे.

सर्वांत जास्त अन्याय होतो तो काचबिंदू आणि रेटिनायटिस पिगमेंटोसा असलेल्यांवर. रेटिनायटिस हा डोळ्याच्या पडद्याचा आनुवंशिक आजार. यात समोरचे अक्षर वाचता येते, पण आजूबाजूचे काहीच दिसत नाही. पायाजवळची पायरी दिसत नाही, बाजूने येणारी सायकल दिसत नाही. अशा व्यक्तीला नुसता अक्षरांचा तक्ता वाचायला लावला तर टक्केवारी फारच कमी येते. कायदा मात्र दृष्टिक्षेत्रही मोजायला सांगतो. समोर बघताना भोवतालचा किती भाग दिसतो, ते म्हणजे दृष्टिक्षेत्र. ते १० अंशांपेक्षा कमी असेल तर अक्षरे वाचता येत असली तरी ते अंधत्व, आणि १० ते ४० अंशांच्या दरम्यान असेल तर अल्पदृष्टी. म्हणून दृष्टिक्षेत्राची चाचणी (तिला पेरिमेट्री म्हणतात) आधी करून घ्या, अहवाल फाइलमध्ये ठेवा आणि तपासणीच्या वेळी तो आपणहून पुढे करा. डॉक्टर विचारतील म्हणून थांबू नका.

दुसरी अडचण नावाची, आणि ती खास आपली. आपल्याकडे नाव, वडिलांचे नाव, आडनाव असे सलग लिहितात. उत्तरेत वडिलांच्या नावाचा रकाना वेगळा असतो, त्यामुळे तिथल्या फॉर्मवर मधले नाव गळते. आधारवर तीन शब्द, प्रमाणपत्रावर दोन, बँकेत आद्याक्षर. मंजूर झालेले पैसेही अशाने खात्यावर जमा व्हायचे राहतात. तेव्हा आधी आधार बघा आणि पुढचे सगळे कागद अक्षर न् अक्षर त्याप्रमाणे करून घ्या. बुबुळाचे ठसे उमटत नसतील तर आधारमध्ये अपवाद म्हणून नोंद होते. त्या कारणावरून आधार नाकारता येत नाही.

मग प्रश्न येतो की आपले सरकार कुठले? चंडीगड, मोहाली आणि पंचकुला रोजच्या व्यवहारात एकच शहर वाटते, पण ती तीन प्रशासने आहेत. चंडीगड केंद्रशासित, मोहाली आणि झिरकपूर पंजाबात, पंचकुला हरियाणात. चंडीमंदिर छावणीदेखील पंचकुल्यातच येते. मासिक पेन्शनची रक्कम, टक्केवारीची अट, किती वर्षांचे वास्तव्य हवे, हे तिन्हीकडे वेगळे आहे. चंडीगडचा पत्ता असेल तर समाजकल्याण विभागाकडे जायचे. भाड्याचे घर मोहालीत आणि कचेरी चंडीगडात असेल, तर घराचा पत्ता मोजला जातो, कचेरीचा नाही. महाराष्ट्रातली संजय गांधी निराधार अनुदान योजना महाराष्ट्रातल्या १५ वर्षांच्या वास्तव्यावर अवलंबून आहे. मुक्काम कायमचा हलवला असेल तर तिथे तसे कळवावे. दोन ठिकाणी पेन्शन चालू राहिली तर पुढे वसुली निघते.

पेन्शनमध्ये केंद्राचा वाटा इंदिरा गांधी राष्ट्रीय दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेतून येतो. ही योजना २००९ साली सुरू झाली. अटी कडक आहेत: दारिद्र्यरेषेखालील कुटुंब आणि ८० टक्के दिव्यांगत्व. केंद्राचे महिना ३०० रुपये फारच तुटपुंजे आहेत, हे स्पष्टच सांगायला हवे. दिव्यांग हक्क कायदा २०१६ च्या कलम २४ मध्ये म्हटले आहे की दिव्यांगांना मिळणारी मदत इतरांसाठीच्या तशाच योजनेपेक्षा किमान २५ टक्के जास्त हवी. हे कलम खिडकीवर फारसे कुणाला ठाऊक नसते. आपल्याला ठाऊक असू द्या.

शिकणाऱ्या मुलांसाठी राष्ट्रीय शिष्यवृत्ती पोर्टलवर केंद्राच्या शिष्यवृत्त्या आहेत. नववी-दहावीची वेगळी, अकरावीपासून पुढची वेगळी. पालकांचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत हवे. अंध विद्यार्थ्याला त्यात दिव्यांगत्व भत्ताही मिळतो. इथे घोटाळा अर्ज भरताना होत नाही, भरल्यावर होतो. शाळेने किंवा कॉलेजने तो ऑनलाइन तपासून पुढे पाठवावा लागतो. कुणी आठवण करून न दिल्यास तो तिथेच पडून राहतो आणि मुदत उलटते. सेक्टर २६ मध्ये अंध मुलांसाठी ‘इन्स्टिट्यूट फॉर द ब्लाइंड’ ही शाळा आणि वसतिगृह आहे. मूल शाळेत जायच्या वयाचे असेल तर तिथे एकदा जाऊन या.

काठी, ब्रेल साहित्य, बोलका फोन अशा साधनांसाठी केंद्राची ‘अ‍ॅडिप’ योजना आहे. साधने बनवते कानपूरची अलिम्को ही सरकारी कंपनी. तिचे एक केंद्र मोहाली जिल्ह्यात चनालोन इथे आहे. वाटप मुख्यतः शिबिरांतून होते. कार्ड आणि उत्पन्नाचा दाखला तयार नसेल तर शिबिराचा दिवस फुकट जातो.

आरोग्यविम्याची ‘निरामय’ योजना सगळ्या दिव्यांगांसाठी आहे, असे पुष्कळांना वाटते. ती फक्त स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे. नुसत्या अंधत्वावर ती मिळत नाही.

बँकेत खाते, चेकबुक, एटीएम, लॉकर हे सगळे अंध ग्राहकाला इतरांसारखेच द्यायचे, असे रिझर्व्ह बँकेने २००८ मध्ये बँकांना बजावले आहे. मोबाइलवर केवायसी करताना ‘डोळे मिचकवा’ असे सांगणाऱ्या पद्धतींवर सर्वोच्च न्यायालयाने ३० एप्रिल २०२५ रोजी निकाल दिला आणि अंधांना जमेल असा पर्याय ठेवण्याचे निर्देश दिले. दृष्टी अलीकडेच गेली असेल तर सही पूर्वीसारखी येत नाही. चेक परत येण्याची वाट न बघता शाखेत जाऊन नवी सही किंवा अंगठा नोंदवून घ्या.

घरातला कुणी केंद्र सरकारी नोकरीत किंवा निवृत्त असेल, तर पुढचे काम आजच करा. दिव्यांगत्वामुळे स्वतःचा चरितार्थ चालवू न शकणाऱ्या अपत्याला आई-वडिलांच्या पश्चात आयुष्यभर कुटुंब निवृत्तिवेतन मिळू शकते. २०२१ पासून उत्पन्नाची मर्यादाही वाढली: अपत्याची इतर कमाई पालकाच्या शेवटच्या पगाराच्या ३० टक्के अधिक महागाई भत्ता, याच्या आत असावी. दिव्यांगत्व मात्र आई-वडील असतानाच आलेले असायला हवे. म्हणून आपण हयात असतानाच प्रमाणपत्र जोडून अपत्याचे नाव कार्यालयाच्या नोंदीत घाला. मागे राहिलेल्या भावंडांना हे सिद्ध करताना फार त्रास होतो. नोकरीत असताना दिव्यांग अपत्याचा शिक्षण भत्ता दुप्पट मिळतो, आणि कर्मचारी स्वतः अंध असेल तर वाहतूक भत्ताही दुप्पट.

आयकरात ‘८०-यू’ म्हणून ओळखली जाणारी वजावट ७५,००० रुपयांची आहे. ८० टक्के किंवा अधिक दिव्यांगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची. जुनी करप्रणाली निवडली तरच ती मिळते. रेल्वेत पूर्ण अंध प्रवाशाला आणि त्याच्या सोबत्याला स्लीपर आणि तृतीय वातानुकूलित डब्यात ७५ टक्के सवलत आहे, शताब्दीच्या चेअर कारमध्ये २५ टक्के. ऑनलाइन तिकीट काढायचे तर रेल्वेचे स्वतंत्र सवलत कार्ड लागते. त्याचा अर्ज वेगळा.

कुठेही नकार मिळाला तर तोंडी ऐकून परतू नका, लेखी कारण मागा. प्रमाणपत्राबद्दल तक्रार असेल तर दिव्यांग हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येते. योजना किंवा सेवा नाकारली असेल तर दिव्यांग आयुक्तांकडे साध्या कागदावर तक्रार द्या. सोबत प्रमाणपत्र, अर्जाची पोच आणि नकाराचे पत्र जोडा. तक्रारीची एक प्रत शिक्का मारून घरी ठेवा.