मोटारीच्या मेंदूचे दुखणे

उज्जैनच्या फ्रीगंजमध्ये, टॉवर चौकातून एखादी मोटार दोरीने ओढत नेली जात असली, की पाहणाऱ्यांच्या मनात पूर्वी दोनच तर्क येत. एक तर बॅटरी उतरली असेल, नाही तर कार्ब्युरेटरमध्ये कचरा अडकला असेल. आता तिसरा तर्क आधी ऐकू येतो. ‘ईसीएम गेला,’ असे कोणीतरी म्हणतो आणि मालकाचा चेहरा उतरतो. ही वस्तू महाग. शिवाय तिच्या आत काय चालते ते डोळ्यांना दिसत नाही. जे दिसत नाही, त्याच्यावर दोष ढकलणे सर्वांत सोपे असते. म्हणूनच या पेटीची थोडी ओळख करून घेणे प्रत्येक वाहनमालकाच्या हिताचे आहे.

ईसीएम म्हणजे इंजिन कंट्रोल मॉड्यूल, अर्थात इंजिनाचे नियंत्रण करणारा छोटा संगणक. याचे काम समजण्यास उज्जैनसारखे दुसरे स्थळ नाही, कारण ही कालगणनेची नगरी आहे. सवाई जयसिंहाने उभारलेल्या येथील वेधशाळेचा १९२३ साली माधवराव शिंदे यांच्या कारकीर्दीत जीर्णोद्धार झाला आणि गोविंद सदाशिव आपटे तिचे पहिले अधीक्षक झाले. तेथील सम्राट यंत्र सूर्याच्या छायेवरून वेळ सांगते. इंजिनाला मात्र याहून कितीतरी बारीक कालगणना लागते. मिनिटाला ३,००० फेरे घेणाऱ्या चार सिलिंडरांच्या पेट्रोल इंजिनात सेकंदाला १०० ठिणग्या पडाव्या लागतात, आणि क्रँकशाफ्टला एक अंश फिरण्यास सेकंदाचा अठरा हजारावा भाग पुरतो. हवा किती आली, इंजिन किती तापले, धुरात प्राणवायू किती उरला, चालकाचा पाय पेडलवर किती दाबला गेला, ही वार्ता संवेदक, म्हणजे सेन्सर, क्षणोक्षणी या पेटीकडे पोहोचवतात. त्यावरून ती पेट्रोलचे माप आणि ठिणगीची वेळ ठरवते.

ही विद्या एकाएकी अवतरली नाही. १९६७ साली जर्मनीच्या बॉश कंपनीची इलेक्ट्रॉनिक इंधन-योजना फोक्सवॅगनच्या मोटारीत बसली. १९७९ साली इंधन आणि ठिणगी या दोहोंचा कारभार एकाच पेटीकडे सोपवणारी योजना बीएमडब्ल्यूच्या मोटारीत आली. भारतात तिला खरी चालना मिळाली ती हवेच्या प्रदूषणामुळे. एप्रिल १९९९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील नव्या मोटारींवर धुराचे कडक निर्बंध घातले. पुढे १ एप्रिल २०१७ पासून भारत स्टेज चार आणि १ एप्रिल २०२० पासून भारत स्टेज सहा ही प्रमाणे देशभर लागू झाली. या कसोट्यांपुढे कार्ब्युरेटरचा निभाव लागणे शक्यच नव्हते.

आता बिघाडाकडे वळू. गाडी सुरू होत नाही, मध्येच बंद पडते, धक्के देते, डॅशबोर्डवर इंजिनाचे पिवळे चिन्ह जळत राहते. ही लक्षणे पाहून पेटी बदलण्याचा सल्ला लगेच दिला जातो. पण पेटी स्वतःहून क्वचितच बिघडते; बहुधा बिघडलेले असतात ते तिच्याकडे येणारे रस्ते. बॅटरी अशक्त असेल, तर स्टार्टर फिरताना विजेचा दाब इतका खाली येतो की पेटी भ्रमिष्टासारखी वागू लागते. पेटीची जमिनीची तार, म्हणजे अर्थ, गंजली असेल, तर प्रत्येक माप चुकते. आणखी एक प्रकार तर फारच फसवा आहे. अनेक संवेदकांना पेटीकडून पाच व्होल्टचा समाईक पुरवठा होतो. त्यांतील एकाच संवेदकात शॉर्ट झाले, तर तो सर्वांचाच दाब खाली ओढतो. मग चार-पाच संवेदक एकदम खोटे बोलू लागतात आणि पाहणाऱ्याला वाटते, मेंदूच गेला! तो एक संवेदक काढून ठेवला, की बाकीचे शहाण्यासारखे बोलू लागतात. ‘दुखणे हल्याला आणि औषध पखालीला’ ही म्हण येथे अक्षरशः खरी ठरते.

म्हणून पेटीला दोषी ठरवण्यापूर्वी तीन गोष्टी तपासल्या पाहिजेत. पहिली, पेटीच्या जोडणीपर्यंत वीज पुरेशी येते काय. दुसरी, अर्थ निर्दोष आहे काय. तिसरी, जोडणीच्या पिनांवर पाणी वा हिरवट गंज आहे काय. पावसाळ्यात साचलेल्या पाण्यातून गाडी नेणे, जोरदार फवाऱ्याने इंजिन धुणे आणि उंदरांनी तारा कुरतडणे, ही या दुखण्याची नेहमीची मुळे. स्कॅनर जोडल्यावर दोषाचा जो संकेत दिसतो, तो केवळ दिशा दाखवतो. पी ०६०६ सारखा संकेत पेटीच्या अंतर्भागाकडे बोट दाखवतो हे खरे. तरीही त्याआधी वीज आणि अर्थ पाहिलेच पाहिजेत.

एवढे करूनही दोष पेटीतच सिद्ध झाला, तर आणखी एक प्रश्न उरतो: ती का जळली? इग्निशन कॉइलमधील शॉर्टमुळे आतील ट्रान्झिस्टर जळला असेल आणि ती कॉइल तशीच ठेवली, तर नवी पेटीही त्याच वाटेने जाईल. बॅटरीच्या तारा उलट जोडणे, किंवा बॅटरी न सोडवता गाडीवर वेल्डिंग करणे, यांनीही पेटीचा घात होतो.

बदलण्याचे कामही बल्ब बदलण्याइतके सरळ नाही. नव्या पेटीचा क्रमांक जुन्या पेटीशी जुळला पाहिजे. बाहेरून सारख्या दिसणाऱ्या दोन पेट्यांतील आज्ञावली निराळी असू शकते. जुन्या पेटीतील माहिती वाचता येत असेल, तर ती आधी उतरवून घ्यावी. मग बॅटरीची ऋण तार सोडवून, जोडणीची कळ अलगद उचलून पेटी काढावी. तारा ओढू नयेत. नवी बसवल्यावर तिच्यात गाडीचा सतरा अक्षर-अंकांचा ओळखक्रमांक लिहावा लागतो. चोरीप्रतिबंधक यंत्रणेमुळे किल्लीतील सूक्ष्म चिप आणि पेटी यांची ओळखही घडवावी लागते; तोवर बहुतेक गाड्यांत इंजिन एक तर सुरूच होत नाही, किंवा सुरू होऊन दोन क्षणांत बंद पडते. हे लेखन चालू असताना विजेचा दाब स्थिर राहावा म्हणून बाहेरून पुरवठा द्यावा. मध्येच वीज खचली, तर नवी पेटी कामातून जाऊ शकते. शेवटी थ्रॉटलची जुळणी, जुने संकेत पुसणे, गाडी चालवून पाहणे आणि पुन्हा एकदा तपासणी.

फ्रीगंजमधील एखाद्या कुटुंबाने काटकसर करून जुनी मोटार घेतलेली असते. चुकीच्या निदानाने त्या कुटुंबाची काही महिन्यांची शिल्लक जाते, आणि गाडी मात्र तशीच अडून राहते. म्हणून मालकाने मिस्त्रीला नम्रतेने एवढेच विचारावे: दोष पेटीतच आहे, हे कशावरून ठरले? वीज आणि अर्थ मोजले काय? काढलेली पेटी परत मिळेल काय? चांगल्या कारागिराला या प्रश्नांचा राग येत नाही. त्याची विद्या लोकांना एरवी दिसत नाही. ती दाखवण्याची संधी त्याला मिळते. पूर्वीचा मिस्त्री कानाने इंजिन ओळखत असे, आजच्याच्या हाती स्कॅनर आणि मीटर आहेत. साधने बदलली, आधी निदान, मग औषध हा क्रम मात्र बदललेला नाही. पुष्कळदा त्या पिवळ्या चिन्हाचे उत्तर नव्या पेटीत नसते. घासून स्वच्छ केलेल्या एका गंजक्या तारेत असते.